उजवा हातमोजा

दि. ३ ऑगस्ट

प्रिय थोरल्या,

तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि त्या लिफ्टच्या खड्ड्यांत उतरताना डोक्यावर टोपी घालत असशील, असं मी धरून चालते. तू काही कळवत नाहीस त्या अर्थी बरंच असणार. आम्हीही इकडे मजेत आहोत.

एवढ्या वर्षांनी आईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोन जरा बिघडलाय. शिवाय फोनवर तू "हं, हं" याच्यापलीकडे बोलत नाहीस, त्यापेक्षा कागद बरा.

गॅरेजमध्ये, गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटची घडी घालते त्या टेबलाशी बसून लिहितेय. तेच लांब टेबल, ज्याच्याखाली तू लहानपणी झोपायचास आणि आजी तुला शोधत रस्त्यापर्यंत जायच्या. बाबा समोर स्टुलावर चहा घेऊन बसलेत. आत्ताच त्यांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?" म्हटलं, "सामानाची यादी." "बरं," म्हणाले.

बातम्या अशा. मागच्या शेडचा पत्रा बदलला. आपली इंजिनं खोलता खोलता म्हातारा झालेल्या पानाकाकाने नवी कवळी बसवून घेतली आणि आता तो हसताना स्वतःच दचकतो. पाना हातात असला की ती काढून खिशात ठेवतो. परवा खिशातून नट काढायला गेला आणि दात गाडीवर ठेवले. धाकटी इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं.

धाकटी यंदा सुटलीय. तुझ्या कानावर आलं असेलच. नसेल तर ऐक, पाव मैलाच्या शर्यतीत फायनलला पोहोचलीय. ट्रॅकवर माइकवाला तिला "ठिणगी" म्हणतो आणि लोक उभे राहतात. ज्या पोरीला आपण गाडीची चाकं धुवायला लावायचो, ती आता खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना नुसतं "बसा" करते. सुरुवातीला छोट्या गाड्यांत, मग दोन हंगाम कुणी विचारेना, मग तो हात मोडला ते वर्ष. तेव्हा मी म्हटलं होतं, पुरे आता. ती म्हणाली, "आई, हात मोडलाय, पाय नाही. ॲक्सिलरेटर पायानं दाबतात." सगळं आजोबांचं बोलणं उचललंय.

भिंतीवर आजोबांचा करंडकासोबतचा फोटो आहे, बाबांचा आहे, आणि शेजारी तो तिसरा खिळा. बाबांनी तुझ्यासाठी ठोकला होता तो. तसाच होता इतकी वर्षं, कुणी त्याच्यावर फडकंसुद्धा अडकवलं नाही. आता बाबा येता-जाता त्याला बोट लावतात.

मागच्या आठवड्यात पेपरातली एक मुलगी मुलाखतीला आली होती. धाकटी आंघोळीला गेली होती, म्हणून बाबाच बोलायला बसले. मुलगी नवखी होती. तिने विचारलं, "गाडी मुलगी चालवते, मग तुम्ही नेमकं काय करता?" मला वाटलं, आता हिची खैर नाही. पण बाबांनी तिला अगदी शाळेतल्यासारखं समजावलं. म्हणाले, "मी समोर उभा राहतो. आमच्या गाडीत चालवणारा पट्ट्यांनी असा आवळलेला असतो की त्याला मानही वळवता येत नाही. आधी मागची चाकं जागच्या जागी फिरवून तापवायची, त्यात गाडी पुढे जाते. मग ती उलटी आणायची, आपल्याच चाकांच्या काळ्या पट्ट्यांवरून, धुरातून. तिला मागचं दिसत नाही, खालचं दिसत नाही. तिला फक्त माझे हात दिसतात. मी तिला जागेवर आणतो, वाकून गाडीखाली बघतो. काही गळत असेल तर हातांची फुली. इंजिन बंद. सगळं ठीक असेल तर हा उजवा हात खाली. मग पाव मैल ती आणि तिचा देव."

"आणि हे हातमोजे?"

"माझ्या वडिलांचे. ते माझ्यासमोर उभे राहायचे. ज्याचं गाडीत बसून झालंय तोच समोर उभा राहतो, आणि घरातलाच. हातमोजे हातातून हातात द्यायचे असतात. कपाटातून उचलायचे नसतात."

"तुमची कधी चूक झाली तर?"

"झाली नाही अजून," बाबा म्हणाले.

ती मुलगी सारखी आपल्या कानातल्याला हात लावत होती. बाबा बोलताना तिच्या कानाकडे बघत होते ना, तिला वाटलं, एक पडलं की काय. जाताना मला हळूच विचारलंसुद्धा.

बाकी विशेष नाही. मागच्या शर्यतीत गाडीच्या उजव्या दाराला थोडं खरचटलंय. ट्रॅकच्या भिंतीचा पांढरा रंग लागलाय, पानाकाका घासतोय. धाकटी म्हणते, वाऱ्यानं गाडी ओढली. बाबाही म्हणाले, वारा होता.

शर्यत संपल्यावर मी नेहमीप्रमाणे पॅराशूट गोळा करायला ट्रॅकच्या टोकाला गेले होते. ते जमिनीवर सपाट पडलं होतं, मेल्यासारखं. वारा असता तर फुगलं असतं, पळालं असतं, मला त्याच्यामागे धावावं लागलं असतं.

असो. फायनल ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आहे. सहज कळवते.

तुझी,
आई


दि. २९ ऑगस्ट

थोरल्या,

तुझं कार्ड मिळालं. बोलण्यात कंजूष होतास, लिहिण्यातही निघालास. एवढ्या लांबलचक पत्राला एक ओळ: "आई, बाबा तुझ्याही कानाकडे बघतात का?"

ते कार्ड वाचून मी बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

हो. बघतात. माझ्या कानाकडे बघतात तेव्हा त्यांना माझं तोंड दिसतं. सरळ बघितलं की माझ्या जागी एक करडा डाग असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. म्हणाले, मधलं गेलंय, कडा राहिल्यात, चष्म्याने काही होणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाबा फुटपाथवर थांबले आणि म्हणाले, "हे घरात कळता कामा नये."

म्हटलं, "मग मी काय शेजारी राहते?"

हसले. पण विषय तिथेच संपला.

तर आता तुला खरं सांगते. फोन चांगला आहे. फोनवर बोललेलं त्यांना ऐकू जातं. डोळ्यांचं सगळं कानात आलंय त्यांच्या, शेडच्या मागे कुजबुजलं तरी "काय गं?" म्हणून विचारतात. या घरात त्यांना कळणार नाही अशी एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे कागदावरचं अक्षर. आत्ताही ते माझ्यासमोर बसलेत. मी त्यांच्याबद्दल लिहितेय आणि ते पेनाचा आवाज ऐकताहेत. पूर्वी हाच माणूस टेबलाच्या पलीकडून उलटं अक्षर वाचून माझ्या हिशेबातली चूक काढायचा.

काय काय सांगू? चहा ओतताना कपाच्या काठाच्या आत बोट धरतात. पेपर अजून रोज उघडतात, पानं वेळेवर उलटतात. पूर्वी प्रत्येक बातमी शिव्यांसकट मोठ्यानं वाचायचे, आता गप्प असतात, आणि मी त्याला वय म्हणत होते. जिन्याच्या कठड्याला हात लावत नाहीत, भिंतीला लावतात, म्हणजे आधार वाटू नये. बाहेरच्या कुणाला काही संशय येत नाही. मान जरा तिरकी असते, लोक म्हणतात, काय रुबाब आहे.

आणि ट्रॅकवर पानाकाका. बाबा समोर उभे राहिले की तो त्यांच्या पाठीला चिकटून उभा राहायचा, त्यांचा शर्ट मुठीत धरून. डावीकडे ओढलं की डावीकडे, उजवीकडे ओढलं की उजवीकडे, खाली खेचलं की फुली. त्या आवाजात दुसरं काही चालतच नाही. गेले दोन हंगाम धाकटी बाबांच्या हाताकडे बघून चालवत होती आणि ते हात पानाकाकाच्या मुठीतून हलत होते. धाकटीला माहीत होतं. पानाकाकाला माहीत होतं. मला माहीत होतं. आम्ही तिघांनी एकमेकांना एका शब्दानेही विचारलं नाही. रात्री जेवताना बाबा म्हणायचे, "आज रेषेवर कशी आणली, बघितलंत?" आणि आम्ही तिघेही म्हणायचो, "बघितलं."

तर दाराचा ओरखडा. त्या दिवशी ट्रॅकचा नवा अधिकारी होता. त्याने पानाकाकाला पिवळ्या पट्टीच्या मागे घालवलं. म्हणाला, समोर एकच माणूस. बाबा एकटे उभे राहिले. धाकटी आपल्या अंदाजानेच सरळ मागे आली, ते जमतं तिला. मग बाबा ऐटीत वाकले, गाडीखाली बघितलं, उठले आणि उजवा हात खाली आणला. गाडीखालून तेल गळत होतं. पानाकाकाला पिवळ्या पट्टीमागून दिसत होतं. मलाही दिसत होतं रे, कठड्यापासून. बाकी माणसं शर्यत सोडणाऱ्या दिव्यांच्या खांबाकडे बघत होती. पानाकाका ओरडत होता आणि त्याची ती नवी कवळी तोंडातून बाहेर आली, तरी कुणाला ऐकू गेलं नाही. धाकटीचं मागचं चाक त्या तेलात घसरलं. गाडी आडवी झाली, भिंतीला दार घासत गेली आणि देवाच्या कृपेने सरळ झाली. ती जिंकली. पॅराशूट उघडलं तेव्हा मी श्वास सोडला. ती गाडीतून उतरली, हसली आणि सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली, "वारा होता."

तेव्हा तुझ्या त्या शेवटच्या फायनलची आठवण झाली. बाबांचा उजवा हात खाली आला आणि तू इंजिन बंद केलंस. सगळा ट्रॅक तुझ्यावर हसला. तू म्हणालास, पेट्रोलचा वास आला. बाबा म्हणाले, "माझ्या हातावर ज्याचा विश्वास नाही, त्याने माझ्या गाडीत बसू नये." आणि तू बॅग भरलीस. मी तुला म्हटलं होतं, "जरा ऐकून घेतलं असतंस तर काय झालं असतं?"

काल पानाकाकाला समोर बसवून विचारलं. आधी नुसता पाना पुसत बसला. मग म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या दिवशी मी गाडी उघडली. पेट्रोलची नळी चिरलेली होती. थोरला गेला असता तर मधेच पेटला असता. मी साहेबांना दाखवली."

"मग?"

"त्यांनी हातात घेतली, बोट फिरवलं. म्हणाले, नवी घाल आणि तोंड बंद ठेव. वहिनी, त्यांनी ती नळी बघितली नाही. बोटानं बघितली. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तुला तेव्हाच कळलं होतं ना? म्हणून तू एक शब्द न बोलता गेलास. बापाला तोंडावर आंधळा म्हणायला नको म्हणून स्वतः भित्रा ठरलास. आणि बाबांनी तुला घालवलं ते तू घाबरलास म्हणून नव्हे, तुला कळलं म्हणून. मला आई म्हणतोस आणि मला सांगितलं नाहीस. तुला मांडीवर घेऊन चोपावंसं वाटतंय, पण तेवढी मोठी मांडी आणू कुठून?

आता मुद्द्याचं. फायनलला नियम कडक आहे, समोर एकच माणूस. पानाकाकाला मागेच राहावं लागणार. धाकटीला मी कालच विचारलं, ती हेल्मेट पुसत होती.

"तू अधिकाऱ्यांना सांगणार असशील तर आत्ताच सांग आई. मी गाडी विकून टाकते. बाबा सकाळी उठतात ते एवढ्यासाठी."

"मग पानाला उभा कर."

"आपल्यात घरातलाच उभा राहतो. बाबांना बाजूला करून नोकराला उभं केलं तर ते परत जेवायचे नाहीत."

"आणि गळलं काही तर?"

"नाही गळणार."

"मागच्या वेळी..."

"वारा होता, आई."

मग मी म्हटलं, "दादा आला तर?"

ती पुसायची थांबली. म्हणाली, "दादा हातमोजे घालून उभा राहिला तर मी डोळे मिटून चालवीन. पण तो येणार नाही. त्याने माझ्यासाठी का यावं? त्याच्या जागेवर मी बसलेय."

एवढंच. आता पुढचं तू ठरव. मी तुला "ये" असं म्हणत नाही, कारण तू बापावर गेलायस, म्हटलेलं करत नाहीस.

ये.

आई


दि. २६ सप्टेंबर

माझ्या थोरल्या,

तुझं दुसरं कार्डही एकाच ओळीचं. "बाबांनी हातमोजे दिले तर येईन."

बरोबर आहे तुझं. तसाच नियम आहे. आजोबांनी बाबांना दिले तेव्हा मी नवी नवरी होते, कोपऱ्यात उभी राहून बघत होते. आजोबांनी एकेक बोट ओढून हातमोजा काढला आणि बाबांच्या हातात ठेवला. नंतर सासूबाईंनी मला या टेबलापाशी आणलं आणि पॅराशूटची घडी शिकवली. म्हणाल्या, "ते दोघं गाडी सोडतात, आपण थांबवतो."

मी बाबांशी बोलून बघितलं. दुपारी ते अंगणात ऊन खात बसले होते, तेव्हा अगदी सहज म्हणून.

"अहो, थोरल्याला बोलवू या का फायनलला?"

"का? आपल्याकडे लिफ्ट अडकलीय कुठे?"

"बहिणीची फायनल आहे."

"तिकीट काढून बघेल. बाकीचे बघतात तसा."

"तुमची पाठ दुखते हल्ली. वाकताना त्रास होतो. तो असला तर..."

माझ्या कानाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माझी पाठ दुखत नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझी यादी हल्ली फार लांब होते."

त्यानंतर मी या टेबलाशी बसले की ते येऊन बसतात. आधीही बसायचेच, पण आता चहा नसतो हातात.

परवाची गोष्ट तुला सांगायची नव्हती. पण कुणाला सांगू? पानाकाका इंजिन बसवायला गाडी घेऊन दुसऱ्या शेडमध्ये गेला होता. बाबांनीच जोर वाढवायला इंजिन आणखी कसायला लावलंय, पानाकाका म्हणतो, एवढं कसू नये, ते ऐकत नाहीत. गॅरेज रिकामं होतं. मी आत आले तर बाबा मधोमध उभे होते, हातमोजे घालून. दोन्ही हात वर करून ते गाडी मागे घेत होते. डावीकडे, जरा डावीकडे, आता सरळ. पावलं मोजत होते, ओठ हलत होते. मग वाकले आणि गाडीखाली बघितलं. खाली नुसती फरशी होती रे. त्यांनी ती फरशी इकडून तिकडून नीट बघितली, मान तिरकी करून. समाधान झालं. उठले आणि उजवा हात खाली आणला.

मी हललेसुद्धा नाही. तेवढ्यात ते हसले. इतकं छान हसले की लग्नानंतरचे दिवस आठवले. आणि रिकाम्या गॅरेजच्या दारातून ती गाडी निघून जाताना त्यांनी मान वळवून बघितली.

गाडी तिथे नाही, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

धाकटी आता फारशी बोलत नाही. परवा तिने जुने बूट टाकून दिले आणि खोली आवरली. तिने खोली आवरलेली मी जन्मात बघितली नव्हती. म्हटलं, "कुणी येणार आहे का?" म्हणाली, "नाही. उगीच." मग कपाटातला तुझा जुना शर्ट काढून मला दिला. "हा दादाचा आहे, तुझ्याकडे राहू दे." तिला माहितीय, थोरल्या. तिला सगळं माहितीय, आणि तरी रविवारी ती त्या हाताकडे बघणार आहे. तू एकदा त्या हाताचं मानलं नाहीस, त्याचं काय झालं, ते तिने लहानपणी बघितलंय. इंजिन बंद करणाऱ्याला या घरात जागा राहत नाही, हे ती शिकलीय. तुझ्याकडून नाही. आमच्याकडून.

पॅराशूटची घडी मी आज घातली. दोऱ्या सरळ केल्या, कापडावर हात फिरवून एकेक शिवण बघितली. सासूबाई असत्या तर त्यांनाही खोट काढता आली नसती. पण पॅराशूट शर्यत संपल्यावर उघडतं. त्याच्या आधीचा पाव मैल माझ्या हातात कधीच नव्हता.

म्हणून एक केलंय. पाकीट जाड लागलं असेल तुला. उघडताना जपून उघड, चामडं जुनं आहे. अंगठ्यापाशी मी ठिगळ लावलंय, ते उसवू नकोस. हा उजवा आहे. खाली येणारा.

हातमोजे हातातून हातात द्यायचे असतात, पोस्टाने पाठवायचे नसतात, ते मला ठाऊक आहे. कपाटातून उचलायचे नसतात, तेही. मी उचललाय. आजोबांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण त्यांचा मुलगा रविवारी काय करणार आहे, ते मी बघितलंय, आणि आजोबांनी बघितलेलं नाही. बाबा देणार नाहीत. देऊच शकत नाहीत, दिले तर डोळे गेले असं म्हणावं लागेल. तेव्हा तू ते माझ्या हातून घे. मी गाडीत बसलेली नाही, मला अधिकार नाही. माझी दोन्ही मुलं बसलीत, तेवढा धर.

डावा ठेवलाय. त्यांचा हात कप्प्यात गेला की काहीतरी हाताला लागायला हवं.

तू शनिवारी संध्याकाळी आलास तर त्यांच्याशी काही बोलू नकोस. हा हातमोजा घाल आणि त्यांच्यासमोर उभा राहा. त्यांनी तुझा हात हातात घेतला की बोटांनी त्यांना कळेल. मग ते काय करतील, मला माहीत नाही. तुझ्या थोबाडीत मारतील, किंवा डावा काढून देतील. दोन्ही झालं तरी उभा राहा. हलू नकोस.

तू आला नाहीस तर ते उघड्या उजव्या हाताने उभे राहतील. ते थांबायचे नाहीत. आणि ती त्या हाताकडे बघेल.

हे लिहीत असताना ते उठून आतल्या खोलीत गेले. कप्पा उघडल्याचा आवाज आला. बंद केल्याचा. परत उघडल्याचा. बराच वेळ चाचपत होते. मग तिथूनच ओरडले, "अगं, दुसरा कुठेय?"

म्हटलं, "असेल तिथेच."

आता परत येऊन समोर बसलेत. मांडीवर डावा हातमोजा आहे, त्याच्यावरून बोटं फिरवताहेत, एकेक बोट. माझ्या कानाकडे बघताहेत. मी लिहायची थांबले तर त्यांना कळेल, म्हणून लिहितेच आहे.

आत्ता विचारलं, "संपली यादी?"

म्हटलं, "संपली. एकच वस्तू घरात नव्हती. ती बाहेरून मागवलीय."

"वेळेवर येईल?"

पाकीट घेऊन मीच पोस्टात जाते.

या घरात डोळे उघडे ठेवून बसलेली,
तुझी आई